शहाण्णववरचा नमस्कार

कोमसनने तोंडातला घास गिळायच्या आत बोलायचं ठरवलं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. चिकट भात नीट चावायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याने घेतला असता, तर सासूबाई उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या असत्या, साडू कामाला निघून गेला असता आणि विषय त्या दिवसापुरता तरी टळला असता. पण कोमसनचा स्वभाव असा, की गप्प बसायला हवं होतं हे त्याला बोलून झाल्यावर कळतं.

विषय होता सावलीचा.

खोन केन शहराबाहेरच्या त्या गावात थोंगदीबाईंचं घर खांबांवर उभं होतं. वर माणसं, खाली मोकळी जागा. जिन्याच्या डाव्या हाताला थोंगदीबाईंचा रेशमाचा माग, बांबूची बाज आणि भाताची पोती. उजव्या हाताला एक गाडी जेमतेम मावेल एवढी सावली. गेली अकरा वर्षं त्या सावलीत थोरल्या जावयाची, म्हणजे कोमसनची गाडी उभी राहत आली होती. इकडे लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, त्यामुळे घरजावई म्हणून कोणी टोमणा मारत नाही. टोमणे मारायला बाकीचे विषय पुष्कळ असतात. पण बायकोच्या घरात, बायकोच्या आईच्या राज्यात, पुरुषाला आपली म्हणावी अशी जागा फार थोडी मिळते. कोमसनला ती अडीच मीटर बाय पाच मीटर मिळाली होती.

तिथे पहिली आठ वर्षं एक म्हातारा पिकअप उभा असे. तीन वर्षांपूर्वी कोमसनने एसयूव्ही आणली. जर्मन बनावटीची, सहा सिलिंडरची, टर्बोवाली, पेट्रोलवर चालणारी आणि तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, की ही गाडी उभ्या जागेवरून ४.९ सेकंदांत शंभराचा वेग गाठते. पाणीपुरवठा कार्यालयात बिलं तपासणाऱ्या माणसाला एवढ्या घाईने कुठे जायचं असतं, असं त्याच्या बायकोने, सुनिसाने, एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, गरज पडली तर असावं. तीन वर्षांत गरज पडली नव्हती, पण पुस्तकाचं ते पान त्याने ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवलं होतं. (त्याच काचेखाली पूर्वी सुनिसाचा फोटो असे. तो आता ड्रॉवरमध्ये होता, पण वरच्या ड्रॉवरमध्ये.)

आणि आता धाकट्या साडूने इलेक्ट्रिक एसयूव्ही आणली होती.

साडूचं नाव बॉस. त्याच्या आईबापांनी लाडाने तेच ठेवलं होतं, त्याला कोण काय करणार. पण त्यामुळे वयाने नऊ वर्षांनी आणि जावईपणात आठ वर्षांनी मोठा असूनही कोमसनला रोज सकाळी "बॉस, जरा चटणी सरकव" असं म्हणावं लागे. बॉस घरांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसवून द्यायचा. मुलगा नम्र होता, हसतमुख होता, सासूच्या मागाचा पाय मोडला तेव्हा न सांगता दुरुस्त करून गेला होता. अशा माणसाचा राग धरायला फार कष्ट पडतात. कोमसन ते घेत होता.

त्या सकाळी थोंगदीबाई सहज म्हणाल्या, की बॉसच्या गाडीचं चार्जिंगचं यंत्र उजव्या खांबावर बसवलंय आणि तार काही चिंचेच्या झाडापर्यंत पोचत नाही. तेव्हा त्याची गाडी आता सावलीत लावावी. कोमसनची काय, चिंचेखालीही राहील.

एप्रिल महिना होता. पारा एक्केचाळीसवर. चिंचेला त्या महिन्यात पानांपेक्षा काड्या जास्त.

"आई, ती गाडी नाही, पंखा आहे," कोमसन भातासकट बोलला. "वीज घालायची, भिरभिरायचं. सावली कुणाची ते जोरावर ठरवा. उभ्या जागेवरून शंभर. जी गाडी आधी गाठेल तिला सावली. माझी हरली तर मी स्वतःच्या हाताने चिंचेखाली नेऊन लावतो."

बॉसने पानातून डोकं वर केलं. "राहू द्या ना दादा," तो काळजीने म्हणाला. "माझी गाडी जरा पळते हो."

ती काळजी कोमसनला सगळ्यात जास्त झोंबली. तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात थोंगदीबाईंनी कान टवकारले.

"त्यात आकडा येतो का?" त्यांनी विचारलं.

येतो म्हणाला बॉस. सेकंदांत येतो. प्लोयच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, फोनमध्ये एक ॲप होतं. गाडी हलली की मोजायला लागतं आणि शंभरला पोचली की आपोआप आकडा दाखवतं. पॉइंटच्या आधी एक, नंतर दोन.

"म्हणजे तीन आकडे," थोंगदीबाई म्हणाल्या. त्यांनी भाताची टोपली बंद केली. "रविवारी करा. सोळाला सोडत आहे."

गावात सरकारी लॉटरीची सोडत महिन्यातून दोनदा, एक आणि सोळा तारखेला. मधले दिवस लोक आकडा शोधण्यात घालवत. कुणाच्या म्हशीला दोन शेपट्यांचं रेडकू झालं, कुणाच्या स्वप्नात मेलेला काका आला, कुणाची स्कूटर खड्ड्यात गेली, की आधी आकडा पाहायचा आणि मग माणसाला किती लागलंय ते. थोंगदीबाई या कामात गावात सगळ्यांत अनुभवी होत्या. त्यांना आजपर्यंत एकदाही काही लागलं नव्हतं, पण अनुभव मोठा होता.

कोमसनने तयारीला सुरुवात केली. गाडी हलकी हवी. त्याने स्टेपनी काढली, जॅक काढला, पाय पुसायच्या चटया काढल्या, मागची बाकं उचकटून मागाशेजारी ठेवली. थोंगदीबाई दुपारी त्यावर झोपू लागल्या. आरशाला लटकवलेल्या सात ताइतांना आणि झेंडूच्या माळेला मात्र त्याने हात लावला नाही. सेकंद वाचवण्याला काही मर्यादा असतात. सुनिसाने वर उभं राहून हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, की वजनच कमी करायचं असेल तर चार-पाच किलो ड्रायव्हरच्या सीटवरही निघतील. त्या दिवसापासून त्याने रात्रीचं जेवण सोडलं. ऑफिसात तो खुर्चीत बसून टेबलाखाली डावा पाय दाबायचा, उजवा दाबायचा, मग डावा झटकन उचलायचा. पेट्रोलच्या गाडीला जोरात सुटायचं तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून ठेवायचे आणि मग ब्रेक सोडायचा, असं त्याने वाचलं होतं. बिल भरायला आलेल्या एका बाईंनी साहेबांना शौचालय कुठे आहे ते कुणीतरी दाखवा, असं बाहेर जाऊन सांगितलं.

जागा ठरली ती नव्या बाह्यवळण रस्त्याची. रस्ता चार महिन्यांपूर्वी तयार झाला होता, पण उद्घाटनाला मोठ्या माणसाची तारीख मिळत नव्हती, म्हणून दोन्ही तोंडांना पिंपं लावून ठेवलेली. गुळगुळीत, सरळ, रिकामा. सरपंचाने पिंपं बाजूला करून दिली, कारण त्यालाही आकडा हवा होता.

कोमसनने ही गोष्ट ऑफिसात एका माणसाला सांगितली होती, आणि तीही कुणाला सांगू नको म्हणून. रविवारी सकाळी सात वाजता रस्त्याकडेला सगळं गाव चटया टाकून बसलं होतं. कोंबडी भाजणाऱ्या बाईने शेगडी मांडली होती. पपई कुटणाऱ्या दोघी उखळं घेऊन आल्या होत्या. शाळेच्या बँडमधला ढोल आला होता आणि का आणलाय हे ढोलवाल्यालाही माहीत नव्हतं.

थोंगदीबाई पंच. त्यांनी नवीन रेशमी लुगडं नेसलं होतं. वजन सारखं असावं म्हणून त्या दोन्ही गाड्यांत बसणार, फोन मांडीवर ठेवणार आणि आकडा मोठ्याने वाचणार, असं ठरलं. वयाने मोठ्याला मान म्हणून बॉसने कोमसनला आधी जायची विनंती केली. कोमसनने मोठ्या मनाने ती नाकारली. लहानांनी आधी जावं म्हणाला. (आधी त्याचा आकडा कळलेला बरा, असा त्यामागचा मोठेपणा होता.)

बॉसची लाल गाडी रेषेवर आली. आवाज नाही, धूर नाही. लोक ती सुरू व्हायची वाट पाहत होते. कोंबडीवालीने मान खाली घालून एक तंगडी उलटली, मान वर केली, तर रेषेवर गाडी नव्हती. ती लांब पुढे वेशीवरच्या पूतांच्या ठाण्याशी होती, वेग कमी करत, तीनदा हॉर्न वाजवत. पूता म्हणजे गावाचा मूळपुरुष, गावाचा आजोबा. त्याच्या ठाण्यावरून जाताना हॉर्न वाजवल्याशिवाय आणि हात जोडल्याशिवाय गावातला कुणी जात नाही.

गाडी वळून परत आली तेव्हा थोंगदीबाईंचा अंबाडा डाव्या कानावर आला होता. त्या उतरल्या आणि दार धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"आकडा सांगा ना आई," प्लोय म्हणाली.

"थांब. माझं पोट अजून रेषेवरच आहे, ते येऊ दे."

पोट आल्यावर त्यांनी फोन लांब धरून वाचलं. तीन पॉइंट आठ दोन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा बिचकत. न दिसलेल्या गोष्टीला टाळ्या वाजवणं कठीण असतं. दोघातिघांनी तळहातावर आकडा लिहून घेतला.

४.९ आणि ३.८२ यांतली वजाबाकी बिलं तपासणाऱ्या माणसाला लगेच जमते. पण पेट्रोलच्या गाडीला निदान आवाज तरी होता. तो रेषेवर आला, डावा पाय दाबला, उजवा दाबला, आणि सहाच्या सहा सिलिंडर असे गर्जले की चटयांवरची माणसं उठून उभी राहिली. ढोलवाल्याला आपण का आलो ते कळलं. ताईत एकमेकांवर आपटू लागले. शेजारी थोंगदीबाईंनी डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली. कोमसनने डावा पाय उचलला.

गाडी सुटली. आणि खरंच सांगायचं तर फार सुंदर सुटली. चाळीस, साठ, कोमसन सीटमध्ये रुतला. ऐंशी. तीन वर्षांत ज्याची गरज पडली नव्हती ते अखेर आलं होतं, आणि त्याला आनंदाने ओरडावंसं वाटलं. नव्वद. चौऱ्याण्णव. शहाण्णव.

आणि डाव्या हाताला पूतांचं ठाणं आलं.

नंतर कोमसनने या क्षणाचा खूप विचार केला. ठाणं रेषेपासून सत्तर मीटरवर होतं. रस्ता बांधणाऱ्यांचा रोलर तिथे तीनदा बंद पडला, म्हणून ठाणं हलवलं नव्हतं, रस्ताच त्याला खेटून नेला होता. बॉसच्या गाडीने शंभरचा वेग गाठला तो पन्नास-पंचावन्न मीटरवर, म्हणजे ठाणं यायच्या आधी. त्याने जे हात जोडले ते काम संपवून जोडले. कोमसनच्या गाडीला शंभर गाठायला आणखी चार मीटर हवे होते. फक्त चार मीटर. एकापुढे एक ठेवलेल्या दोन बाजा.

पण हे सगळं नंतर. त्या क्षणी त्याने विचार केलाच नाही. त्याच्या पायाने केला. लहानपणी बापाच्या स्कूटरवर पुढे उभं राहून शिकलेला पाय तो. ठाणं दिसलं की आपोआप वर उचलला जायचा. पाय उचलला गेला. दुसरा ब्रेकवर गेला, कारण आजोबांसमोरून धूर काढत जायचं नसतं. हाताने तीनदा हॉर्न वाजवला. मग दोन्ही हात स्टिअरिंग सोडून कपाळाशी जुळले. शेजारी थोंगदीबाईंचेही जुळले होते. गाडी आपली आपण सरळ चालली होती. ठाण्यावर कुणीतरी ठेवलेली लाल सोड्याची बाटली, त्यात खोचलेली नळी, त्या नळीवर बसलेली माशी, हे सगळं कोमसनला अगदी निवांत दिसलं.

मग त्याला आठवलं.

त्याने पाय पुन्हा आपटला. टर्बोला पुन्हा छातीत हवा भरायला वेळ लागला. तेवढ्यात कोमसनच्या तोंडून जो शब्द निघाला तो सासूसमोर अकरा वर्षांत निघाला नव्हता. थोंगदीबाईंनी डोळे उघडले आणि त्याच क्षणी फोन वाजला.

"नऊ पॉइंट चार सात," त्यांनी वाचलं.

कोमसनने गाडी परत आणून रेषेवर लावली आणि खिडकीतून ओरडून सगळ्यांना समजावलं. हा आकडा धरायचा नाही, ठाण्याच्या पलीकडे रेष ओढा, मी पुन्हा पळवतो. काटा शहाण्णववर होता, हवं तर आईंना विचारा. पण त्याच्या गाडीला गराडा पडला होता आणि कुणी त्याचं ऐकत नव्हतं. लोक तळहातावरचा आधीचा आकडा थुंकी लावून पुसत होते. सरपंच थोंगदीबाईंना विचारत होता, की आजोबांनी नक्की कुठे अडवलं.

"शहाण्णववर," थोंगदीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "एवढी पिसाट गाडी, पण थांबवली. आकडा देण्यासाठी थांबवली."

"आई, मीच थांबलो," कोमसन म्हणाला. "सवयीने. एकदा पुन्हा..."

"आजोबांनी एकदा सांगितलेलं तू पुन्हा विचारणार?"

सावलीचं काय, असं त्याने खालच्या आवाजात विचारलं. थोंगदीबाईंनी निकाल दिला, की सेकंदांत बॉस जिंकलाय, तेव्हा आत्ता त्याची गाडी सावलीत जाईल. पण आजोबा थोरल्याच्या गाडीशी बोललेत, तेव्हा पक्कं काय ते सोळाला बघू. बॉस जवळ आला आणि म्हणाला, "दादा, गाडी काय सुटली हो तुमची. अंगावर काटा आला." आणि त्याच्या अंगावर खरंच काटा आला होता. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं.

शब्द दिला होता, त्यामुळे कोमसनने स्वतःच्या हाताने गाडी चिंचेखाली नेऊन लावली. पुढचे नऊ दिवस त्याने उन्हाचा अभ्यास केला. दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नसे. तो भिजवलेला पंचा गुंडाळून गाडी चालवायचा. ताइतांमागचा गोंद वितळला आणि एका पूज्य भिक्खूंची प्रतिमा सरकत सरकत स्पीडोमीटरवर आली. साठाच्या पुढचे आकडे त्यांच्या मागे झाकले गेले. रोज सकाळी जिना उतरताना त्याला आपल्या जागेत ती लाल गाडी दिसायची. खांबावर हिरवा दिवा मिचमिचत असायचा.

एका संध्याकाळी तो मागाशेजारी, आपल्याच गाडीच्या उचकटलेल्या बाकावर बसला होता. सुनिसा कापलेला आंबा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"सावली गाडीला हवी की तुम्हाला?" तिने विचारलं.

कोमसन म्हणाला, "लग्न करून आलो तेव्हा तुझ्या आईने हे सगळं घर दाखवलं. हे माझं, ते सुनिसाचं, हे प्लोयचं. आणि शेवटी इथे आणून म्हणाली, इथे तू गाडी लाव. मला तेवढंच पाठ आहे बघ."

सुनिसाला वाईट वाटलं. तिने त्याच्या हातात आंब्याची सगळ्यात गोड फोड दिली. पण ती थोंगदीबाईंची मुलगी होती, त्यामुळे जाता जाता म्हणालीच, की मग त्या दिवशी आधी घास गिळायचा होता.

पाण्याचा सण आला. तीन दिवस गावाने एकमेकांवर पाणी ओतलं, आणि ओतता ओतता सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा. तिकीटवाला सायकलवर तिकिटांची पेटी घेऊन आला तेव्हा शेवटी नऊशे सत्तेचाळीस असलेली तिकिटं पाच मिनिटांत संपली. लोक शेजारच्या तालुक्यांत जाऊन शोधू लागले. सरपंच अर्धा दिवस बेपत्ता होता, तो संध्याकाळी चार तिकिटं घेऊन उगवला. भिक्षा वाढताना कुणीतरी विहारातल्या थोरल्या भिक्खूंना विचारलं, तर ते म्हणाले लॉटरीचा नाद वाईट. आणि हे त्यांनी नऊ शब्दांत सांगितलं असं मोजून लोक परत आले. कोमसननेही तिकीटवाल्याला ऑफिसच्या मागे गाठून तीन तिकिटं घेतली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. घरी थोंगदीबाईंनी विचारलं, घेतलीस ना. घेतली म्हणाला.

सोळा तारखेला दुपारी सगळं गाव थोंगदीबाईंच्या घराखाली, टीव्हीसमोर. लाल गाडीच्या टपावर दोन पोरं बसली होती आणि बॉस त्यांना पाणी देत होता. पडद्यावर गोल पिंजरे फिरले, गोळ्या पडल्या, बायकांनी आकडे वर धरले. शेवटच्या तीन आकड्यांचं पहिलं बक्षीस निघालं. काही भलतंच. थोंगदीबाईंनी डोळे मिटले. दुसरं निघालं.

नऊ. चार. सात.

मग जो आवाज फुटला त्याने कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. कोंबडीवालीला लागलं होतं, पपईवाल्या दोघींना लागलं होतं, सरपंचाला लागलं होतं, ढोलवाल्याला लागलं होतं आणि तो ढोल आणायला पळाला. थोंगदीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा लागलं होतं. त्या रडत होत्या, हसत होत्या, आणि त्यांनी भर गर्दीत कोमसनचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"थोरला तो थोरला," त्या म्हणाल्या. "सावली तुझीच. आज, उद्या, कायमची."

कोमसनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मान वर करून बॉसकडे पाहिलं. बॉस टाळ्या वाजवत होता. त्याने लगेच लाल गाडी बाहेर काढली, आणि ढोलाच्या तालावर, लोकांनी पाणी उडवत, कोमसनची गाडी चिंचेखालून वाजतगाजत आपल्या जागेवर आणली. कोमसनने इंजिन बंद केलं आणि दोन मिनिटं तसाच आत बसून राहिला. अकरा वर्षांत ती सावली एवढी गार कधी लागली नव्हती.

तो उतरला तेव्हा थोंगदीबाई गाडीच्या तोंडाला तीन रंगांची रेशमी कापडं बांधत होत्या. बॉनेटवर पाच लाल सोड्याच्या बाटल्या, प्रत्येकीत नळी. सरपंचाची बायको बॉनेटच्या रंगावर पावडर चोळत होती, पुढच्या सोडतीचा आकडा उमटतोय का ते पाहायला. कोपऱ्यात उदबत्त्या लागल्या होत्या, पेट्रोलच्या टाकीपासून फारशा लांब नाही.

"किल्ली," थोंगदीबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

"किल्ली कशाला आई?"

"आता ही कुणी हलवायची नाही. आजोबांनी हात लावलाय हिला."

"पण उद्या ऑफिस आहे."

"बॉस सोडेल," त्या म्हणाल्या आणि किल्ली सोन्याच्या साखळीसोबत गळ्यात अडकवली.

बॉस तेव्हा चार्जिंगच्या तारेला दुसरी तार जोडत होता. छपरांवर वायरिंग करणाऱ्या माणसाला ते काम वीस मिनिटांचं. लाल गाडी चिंचेखाली उभी राहिली आणि खांबावरचा हिरवा दिवा पुन्हा मिचमिचू लागला. कोमसन ते बघत उभा राहिला.

"हे पहिल्या दिवशी का नाही केलंस?"

"करणारच होतो दादा," बॉस म्हणाला. "घास संपवून सांगणार होतो. तेवढ्यात तुम्ही सेकंदांचं काढलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमसन डबा मांडीवर घेऊन लाल गाडीत बसला. पहिल्यांदाच बसत होता. गाडी निघालेली त्याला कळली नाही, पण डब्यातली मासळी मागे सरकल्याचं कळलं. ठाण्यापाशी दोघांनी हात जोडले. मुख्य रस्ता लागला. बॉस काहीतरी कसं सांगावं याचा विचार करत असावा, असं त्याच्या कानांच्या लालीवरून दिसत होतं.

"मी तुमच्या आकड्याची दहा तिकिटं घेतली होती दादा," तो शेवटी म्हणाला. "सगळी लागली. प्लोय म्हणते, दादांना नवीन शर्ट घेऊ."

"कशाला उगीच," कोमसन म्हणाला.

"तुम्ही किती घेतली होती?"

"तीन."

बॉसने मान डोलावली. सिग्नल लागला. गाडी थांबली आणि आत इतकी शांतता झाली की कोमसनला पेट्रोलच्या इंजिनाची मनापासून आठवण आली. निदान त्याच्या आवाजात माणसाला लपता तरी येतं.

"काल सुनिसाताईंनी तुमचा शर्ट धुवायला घेतला," बॉस अगदी हळू म्हणाला. "खिशात सापडली त्यांना, मला दाखवली. मी कुणाला बोलणार नाही दादा. आईंना तर नाहीच." त्याला खरोखर कळत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं. "तिन्हीवर तीनशे ब्याऐंशी, माझा आकडा. माझ्या गाडीवर तुमचा एवढा विश्वास होता, तर ती पळवायची वेळ आमच्यावर का आणलीत?"